वजन, बाळंतपण आणि बाळाचा मेंदू

स्वीडनमध्ये गरोदर बाई पहिल्या तपासणीला गेली की सुईण तिची उंची आणि वजन लिहून घेते, आणि ते आकडे देशाच्या जन्मनोंदवहीत कायमचे जमा होतात. ही नोंदवही १९७३पासून चालू आहे. प्रत्येक नागरिकाला एकच ओळखक्रमांक असल्यामुळे त्याच बाईच्या मुलाला पुढे कोणत्या रुग्णालयात कोणते निदान झाले, हे त्या जुन्या वजनाशी जोडून पाहता येते. एदुआर्दो विलामोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. जुळी-तिळी वगळून १९९७ ते २०११ या काळात जन्मलेली १४,२३,९२९ मुले त्यांनी अभ्यासाला घेतली. त्यांतल्या ३,०२९ मुलांना सेरेब्रल पाल्सीचे निदान झालेले होते. ‘जामा’ या नियतकालिकात २०१७ साली हे काम छापून आले. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईचे वजन जितके जास्त, तितका मुलाला सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका पायरीपायरीने वाढत जातो, असे त्यातून दिसले. बेताचे वजन असलेल्या आयांच्या तुलनेत जादा वजनाच्या आयांच्या मुलांत तो २२ टक्क्यांनी जास्त होता, लठ्ठपणाच्या पहिल्या पायरीवर २८ टक्क्यांनी, दुसरीवर ५४ टक्क्यांनी आणि तिसरीवर जवळजवळ दुप्पट.

अशा निष्कर्षाची बातमी कशी होते, हे सांगायला नको. म्हणून पुढे जाण्याआधी ‘दुप्पट’ म्हणजे किती, ते पाहू. स्वीडनमध्ये हजार मुलांमागे सुमारे दोघांना सेरेब्रल पाल्सी होते. दुप्पट झाले तर हजारामागे चार. म्हणजे सर्वांत जास्त वजनाच्या गटातल्या हजार आयांपैकी ९९६ जणींच्या मुलांना हा त्रास होत नाही. शिवाय तो सर्वांत वरचा गट अवघ्या ३८ आजारी मुलांवर उभा आहे. उलट, बेताच्या वजनाच्या आयांच्या पोटी जन्मलेली सेरेब्रल पाल्सीची मुले १,४८७ होती. ज्यांच्या आईचे वजन नोंदलेले होते, अशा आजारी मुलांपैकी ही निम्म्याहून अधिक. हा आकडा बातमीत येत नाही. या पुस्तकाच्या वाचकाने मात्र तो लक्षात ठेवून पुढचे पान उलटावे.

मराठीत गरोदरपणावर पुस्तके पुष्कळ आहेत आणि अपंग मुलांच्या संगोपनावरही काही चांगली आहेत. या दोन फडताळांच्या मधली जागा मात्र रिकामी होती. प्रसूतितज्ज्ञ बाळ हाती देतो आणि त्याचे काम संपते. बालरोगतज्ज्ञाकडे बाळ सहा-आठ महिन्यांनी येते, तेव्हा ‘अजून मान धरत नाही’ एवढीच तक्रार असते. मधल्या काळात काय झाले, त्याआधीच्या नऊ महिन्यांत काय झाले आणि त्याच्याही आधी त्या बाईच्या शरीरात काय चालले होते, याची सलग गोष्ट कुणाच्याच कागदावर नसते. ती सलग मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सेरेब्रल पाल्सी हा एकच एक आजार नव्हे. वाढत्या मेंदूला झालेली इजा किंवा त्याच्या घडणीतच राहिलेले व्यंग, आणि त्यामुळे आयुष्यभर हालचालीत व शरीराच्या ठेवणीत राहणारी अडचण, अशा अनेक अवस्थांना मिळून दिलेले हे नाव आहे. मेंदूतली मूळ इजा पुढे वाढत नाही. तिचे परिणाम मात्र मूल वाढते तसे बदलत जातात. बहुतेक मुलांचे स्नायू ताठर असतात; काहींच्या हातापायांच्या हालचाली आपसूक, वेड्यावाकड्या होतात; थोड्या मुलांचा तोल सावरत नाही. कुणाचा एक हातच जरा मागे राहतो, कुणाला आयुष्यभर मान सावरायलाही आधार लागतो. झटके, दृष्टिदोष, गिळायला त्रास हे सोबत येऊ शकते. बुद्धीवर परिणाम होतोच असे नाही, आणि इथेच आपल्याकडे सर्वांत जास्त अन्याय होतो. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे घरातली माणसेही धरून चालतात. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली ती मुख्यतः हा गैरसमज मोडायला. स्वतःच्या मुलीसाठी शाळा शोधणाऱ्या आईने उभी केलेली ती संस्था होती.

या विषयाची सुरुवात सांगताना विल्यम जॉन लिटल या लंडनच्या शल्यचिकित्सकाचे नाव घेतात. लहानपणापासून त्यांचाच एक पाय वाकडा होता, आणि तो बरा करून घेण्याच्या खटपटीतून ते अस्थिविकारांकडे वळले. १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे त्यांनी मांडले, की अडलेले बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मल्यावर श्वास न घेणे यांचा मुलाच्या पुढच्या ताठरपणाशी संबंध आहे. आधीच्या वैद्यकीय लिखाणात त्यांना याचा उल्लेख सापडेना. सापडला तो शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डमध्ये, आणि हेही त्यांनी नोंदवून ठेवले. या विकाराला पुढे बराच काळ ‘लिटलचा आजार’ म्हणत. अमेरिकेत विल्यम ऑसलर यांनी १८८९ साली मुलांतल्या या पक्षाघातांवर पुस्तक लिहिले. आणि मग व्हिएन्नातल्या एका तरुण मज्जातंतुतज्ज्ञाने लिटलना उलटा प्रश्न विचारला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नांकडे वळण्याआधी फ्रॉइड यांनी मुलांच्या पक्षाघातावर वर्षानुवर्षे काम केले होते. बाळंतपण अडले म्हणून मेंदू बिघडला, की गर्भातच काहीतरी बिघडलेले होते म्हणून बाळंतपण अडले, असा त्यांचा सवाल होता.

पुढच्या शतकभरात या विषयात जे वाद झाले, ते या दोन भूमिकांमधलेच आहेत. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात लिटल यांची बाजू वरचढ होती. डॉक्टरांनी ती मानली, वकिलांनी त्याहून जास्त. बाळ जन्मतः रडले नाही म्हणजे प्राणवायू कमी पडला, आणि तो कमी पडला म्हणजे कुणीतरी उशीर केला, हा हिशेब सरळ होता. पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके सतत टिपणारी यंत्रे आली तेव्हा आता सेरेब्रल पाल्सी निम्म्याने घटणार, अशी आशा होती. डब्लिनमध्ये सुमारे तेरा हजार बाळंतपणांवर याची रीतसर चाचणी झाली. यंत्र लावलेल्या गटात नवजात बाळांचे झटके कमी झाले, पण चार वर्षांनी पाहिले तर सेरेब्रल पाल्सीची मुले दोन्ही गटांत सारखीच. सिझेरियन वाढत गेली. प्रगत देशांतले हजारी दोनचे प्रमाण मात्र कित्येक दशके हलले नाही.

दरम्यान अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात पन्नास हजारांहून अधिक गरोदरपणांची नोंद ठेवली गेली होती. कॅरिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी १९८६ साली तिचे विश्लेषण छापले. कळा सुरू होण्याआधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरून जेवढा अंदाज येतो, त्यात प्रसूतीच्या वेळच्या घटनांनी फारशी भर पडत नाही, असे त्यांना आढळले. पश्चिम ऑस्ट्रेलियात इव्ह ब्लेअर आणि फिओना स्टॅनली यांनी १९८८ साली हिशेब केला, तेव्हा ताठर प्रकारच्या सेरेब्रल पाल्सीत सुमारे ८ टक्के मुलांच्याच बाबतीत प्रसूतीतल्या गुदमरण्याकडे बोट दाखवता आले. फ्रॉइड यांची बाजू शंभर वर्षांनी वर आली.

त्यानंतर या विषयाला निरनिराळे फाटे फुटले. एक फाटा दाह आणि संसर्गाचा: गर्भपिशवीतला दाह गर्भाच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा करतो. दुसरा जनुकांचा, आणि तो सध्या फार वेगाने पुढे जातो आहे. निरनिराळ्या अभ्यासांत दहांतल्या एका मुलापासून ते तिघांतल्या एका मुलापर्यंत कारण ठरू शकणारा जनुकीय बदल सापडला आहे. तिसरा फाटा स्टॅनली-ब्लेअर यांच्याच विचारातून आला, आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांच्या मते सेरेब्रल पाल्सीचे एक कारण शोधणेच चुकीचे आहे. घटनांची साखळी असते, एक कडी दुसरीला ओढते आणि एकच शेवट अनेक साखळ्यांनी गाठता येतो. आईच्या वजनाचा प्रश्न या चौकटीतच नीट समजतो, कारण चरबी स्वतः जाऊन बाळाच्या मेंदूला काही करत नाही.

मग ती करते काय? वजन जास्त असले की इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. गरोदरपणात तो तसाही मंदावतोच, त्यात ही भर. रक्तातली साखर वाढते, ती वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचे इन्शुलिन जास्त बनवते आणि धष्टपुष्ट होते. अशा बाळाला प्राणवायूही जास्त लागतो. त्याचे डोके बाहेर येते आणि खांदा अडकतो. लेबर रूममधल्या माणसांना सर्वांत जास्त घाम फोडणारी ती दोन-चार मिनिटे. दुसरी वाट रक्तदाबाची. लठ्ठ बाईला प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर विकार) होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते, वारेचा रक्तपुरवठा खालावतो, आणि कधी आईचा जीव वाचवण्यासाठी बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाहेर काढावे लागते. तिसरी वाट दाहाची: चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने सतत सोडत असतात.

चौथी वाट पाठ्यपुस्तकात कमी आणि वॉर्डात जास्त दिसते. जाड पोटावरून बाळाचे ठोके नीट टिपता येत नाहीत. पट्टा सरकतो, कागदावर कधी आईचेच ठोके उमटतात. सोनोग्राफीत बाळाचे अवयव धूसर दिसतात. कळा येण्यासाठी सलाईन लावावे लागते, तरी प्रसूती रेंगाळते. ऐनवेळी सिझर ठरले तर पाठीतल्या भुलेची सुई जागेवर बसायला वेळ लागतो, चीर देऊन बाळापर्यंत पोहोचायला आणखी. जिथे मिनिटांचा हिशेब आहे तिथे हा सगळा उशीर बाळाच्या वाट्याला जातो. हे घडते त्यात त्या बाईच्या वजनाचा भाग किती आणि तिच्यासारख्या बाईसाठी तयार नसलेल्या प्रसूतिगृहाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. माझ्या मते दुसरा भाग आपण नेहमीच कमी धरतो.

प्रसूतीच्या वेळच्या या वाटेला स्वीडनच्या अभ्यासातही दुजोरा मिळतो. पूर्ण दिवसांच्या मुलांत वजन आणि सेरेब्रल पाल्सी यांचा जो संबंध दिसला, त्याचा सुमारे ४५ टक्के भाग जन्माच्या वेळी गुदमरण्याशी निगडित गुंतागुंतींतून येतो, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे लिटल अगदीच चुकले नव्हते. उरलेल्या निम्म्याहून अधिक भागात मात्र फ्रॉइड यांचा प्रश्न शिल्लक आहेच.

याच अभ्यासातली एक गोष्ट नवख्या वाचकाला कोड्यात टाकेल. हा संबंध फक्त पूर्ण दिवसांच्या मुलांत दिसला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत नाही. लठ्ठपणामुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढते आणि अशा मुलांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण सर्वाधिक असते, मग तिथेच संबंध कसा नाहीसा होतो? एक शक्य उत्तर तुलनेच्या रीतीत आहे. बेताच्या वजनाच्या बाईचे बाळ जेव्हा सातव्या महिन्यात जन्मते, तेव्हा त्यामागेही काहीतरी गंभीरच असते: संसर्ग, रक्तस्राव, वारेचा बिघाड. दोन्हीकडे धोका मोठा असला की त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो. सांख्यिकी नको वाटणाऱ्या वाचकाने हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण डॉक्टरांनी सोडू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळात आईच्या वजनाचा काही संबंध नाही, असा निष्कर्ष घाईने काढलेला मी ऐकला आहे.

आता आपल्याकडे येऊ. स्वीडनचे आकडे जसेच्या तसे महाराष्ट्रात आणता येत नाहीत, आणि हे दाखवून देणाऱ्या कामातला मोठा वाटा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली वढूच्या परिसरातल्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांचे गरोदर होण्यापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने खूपच हलकी, पण नीट मोजले तर स्नायू आणि पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र जवळजवळ राखलेली. दिसायला रोड, आतून चरबीदार. याज्ञिक यांनी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, पण इंग्रज मित्राच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

म्हणून भारतीयांसाठी वजनाच्या रेषा खाली ओढाव्या लागल्या. जगात बीएमआय २५ला जादा वजन आणि ३०ला लठ्ठपणा म्हणतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली २३ आणि २५ या रेषा सुचवल्या. पाच फूट उंचीच्या बाईला हे लावून पाहा: साधारण ५३ किलोला ती जादा वजनाच्या गटात जाते आणि ५८ किलोला लठ्ठपणाच्या. आपल्या घरातल्या किती जणी यात बसतात, हे वाचकाने मनातल्या मनात मोजावे. त्यांतल्या बहुतेकींना आजवर कुणी ‘वजन जास्त आहे’ असे म्हटलेले नसेल. उलट बाळंतपण झेपेल का, म्हणून दोघांचे खा असाच आग्रह झालेला असेल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के भारतीय बायांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त भरला आणि १८.७ टक्के बायांचा १८.५च्याही खाली. एकाच अंगणवाडीच्या यादीत दोन्ही टोके. आशाताईने सगळ्यांना एकच सल्ला द्यायचा तर तो कुणालातरी चुकीचाच ठरणार.

आणि आपल्याकडे जुने धोके गेलेले नाहीत. जन्मताच न रडलेले बाळ, कावीळ वाढत गेली तरी कोवळ्या उन्हात धरून ठेवलेले बाळ, नवजात बाळाचा संसर्ग, कमी दिवसांचे बाळ दूरच्या शहरातल्या पेटीपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ: भारतातल्या सेरेब्रल पाल्सीत यांचा वाटा अजून मोठा आहे. मातेचा लठ्ठपणा त्यांची जागा घ्यायला आलेला नाही. तो त्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला आहे. परदेशी उपायही इथे आंधळेपणाने लावता येत नाहीत, हे हेलिक्स चाचणीने दाखवले. गुदमरलेल्या बाळाचे शरीर बहात्तर तास थंड ठेवले की मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांत सिद्ध झाले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत तीच पद्धत वापरून पाहिली तेव्हा अपंगत्व व मृत्यू मिळून तर घटले नाहीतच, उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. २०२१ साली हे छापून आले. आपली बाळे नेमकी केव्हा आणि कशाने गुदमरतात, हेच मुळात वेगळे असावे, असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला आहे.

हा विषय आज महत्त्वाचा का, याचे माझे उत्तर असे, की या साखळीतल्या बऱ्याच कड्या आता तोडता येतात. साखरेची तपासणी डॉ. व्ही. शेषय्या यांच्या प्रयत्नांतून आपल्याकडे सोपी झाली: उपाशी असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचे आणि दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा त्याहून जास्त आहे का पाहायचे. ज्यांना प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका जास्त, त्यांना सोळाव्या आठवड्याआधी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू केली तर लवकर होणारा, जास्त घातक प्रकार निम्म्याहून कमी होतो, हे २०१७च्या मोठ्या चाचणीत दिसले. फार अपुऱ्या दिवसांची प्रसूती अटळ असेल तर आईला दिलेले मॅग्नेशियम सल्फेट बाळाची सेरेब्रल पाल्सी सुमारे तीस टक्क्यांनी कमी करते; हे औषध स्वस्त आहे आणि झटक्यांसाठी ते प्रत्येक लेबर रूमच्या कपाटात असायलाच हवे. पहिल्या मिनिटात पिशवी आणि मास्कने श्वास देणे नर्सला शिकवता येते. यांतल्या कशासाठीही बाईने आधी दहा किलो कमी केले पाहिजेत, अशी अट नाही.

वजनाबद्दल मात्र प्रामाणिकपणे बोलायला हवे. गरोदरपण सुरू झाल्यावर आहार-व्यायामाचा सल्ला देऊन काय साधते, हे ऑस्ट्रेलियातल्या ‘लिमिट’ आणि ब्रिटनमधल्या ‘अपबीट’ या चाचण्यांनी तपासले. मधुमेह कमी झाला नाही. वाढलेल्या वजनात फरक पडला तो थोडाच. गरोदरपणात वजन उतरवायला जाणे तर धोक्याचेच. खरी संधी आधी असते, आणि सर्वांत हाती येण्याजोगी संधी दोन बाळंतपणांच्या मधे. विलामोर आणि स्वेन क्नाटिंगियस यांनीच २००६ साली दाखवले होते, की पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणाच्या मधे बीएमआय एक-दोन अंकांनी जरी वाढला तरी दुसऱ्या खेपेचे धोके वाढतात, आणि हे जाड नसलेल्या बायांनाही लागू आहे. डिंकाच्या लाडवांना माझा विरोध नाही. बाळंतिणीला चाळीस दिवस बाजेवर ठेवून रोज चार लाडू आणि वर तूप, आणि पुढे वर्षभर तिच्या वजनाची कुणी चौकशीही करायची नाही, याला आहे. लसीच्या निमित्ताने बाळाचे वजन प्रत्येक वेळी होते. त्याच काट्याशेजारी उभ्या असलेल्या आईचे होत नाही.

वजन कमी केल्याने सेरेब्रल पाल्सी कमी होते, असे थेट सिद्ध करणारी चाचणी झालेली नाही, आणि बहुधा होणारही नाही. हजारी दोन प्रमाणाच्या विकारात असा फरक पकडायचा तर लाखांनी बाया लागतील. तेव्हा हा पुरावा निरीक्षणाचा आहे, संबंधाचा आहे, कार्यकारणाचा शेवटचा दाखला नाही. पण सगळ्या वजनगटांकडे पाहिले तर एक व्यवहारी गोष्ट स्पष्ट होते. स्वीडनमध्ये जादा वजन आणि पहिल्या पायरीचा लठ्ठपणा या दोन गटांत मिळून ९६७ आजारी मुले होती. वरच्या दोन गटांत मिळून १२६. धोका वरच्या टोकाला जास्त, पण मुले मधल्या गर्दीतली जास्त. म्हणून हा शंभर किलोच्या चार बायांना वेगळे काढून उपदेश करण्याचा विषय नाही. ५८-६० किलोच्या, स्वतःला अगदी ठीकठाक समजणाऱ्या लाखो बायांच्या नेहमीच्या तपासणीचा तो विषय आहे.

आणि दोषाचा तर मुळीच नाही. या क्षेत्राचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत खुपते: बोट दाखवायला नेहमी कुणीतरी लागले आहे. आधी सुईण, मग डॉक्टर, आणि आता आई. सासरच्या माणसांनी मुलाच्या अपंगत्वाचे खापर सुनेवर फोडण्यासाठी ग्रहण, विळी, सुरी इतकी कारणे पुरवली आहेत, की तिथे ‘बीएमआय’ची भर घालण्याचे पाप विज्ञानाने करू नये. ज्या आईला तपासणीच्या टेबलावर तिच्या आकारावरून टोमणा मारला जातो ती पुढच्या महिन्यात येत नाही, आणि न आलेल्या बाईची साखर कुणाला तपासता येत नाही. दोषारोप हा केवळ असभ्यपणा नाही. तो उपचारातला अडथळा आहे.

हे पुस्तक सिद्ध करताना संपादकांनी प्रसूतितज्ज्ञ, नवजातशिशुतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि काही पालक यांना एका टेबलाभोवती बसवले. त्यांचे सगळ्या बाबतींत एकमत नाही आणि ते लपवलेलेही नाही. सिझेरियन लवकर करावे का, भारतीय बाईने गरोदरपणात नेमके किती किलो वाढावे, यांवर दोन लेखक उघड उघड भांडतात. अमेरिकेतल्या २००९च्या शिफारशीत लठ्ठ बाईसाठी ५ ते ९ किलो वाढ सांगितली आहे. ती आपल्या बुटक्या, सडपातळ हाडापेराच्या बायांना कितपत लागू, हा वाद खरा आहे आणि तो वाचकासमोर झाला हे बरेच. पालकांचे लेखन मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण ते ‘का झाले’ याच्या पुढे जाऊन ‘आता काय’ यावर बोलते: बसण्याची खुर्ची, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, शाळेचा प्रवेश, भावंडांची असूया. पुस्तकात एक उणीव आहे. बाप फार कमी भेटतात. स्वयंपाकघरात काय शिजायचे, बाई फिरायला जाणार की नाही, दुसरे मूल किती लवकर, हे बहुतेक घरांत ती एकटी ठरवत नाही. पुढच्या आवृत्तीत हा भाग वाढावा, असे मी संपादकांना सांगितले आहे.

वाचक दोन प्रकारचे असतील. जिला मूल हवे आहे किंवा दुसरे हवे आहे, तिने मधुमेह आणि रक्तदाबावरची प्रकरणे आधी वाचावीत आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, हे ध्यानात ठेवावे. आणि ज्यांच्या घरात बाळ आहे त्यांना एक विनंती आहे. चार महिने उलटूनही बाळ मान धरत नसेल, मुठी घट्ट मिटलेल्या आणि अंगठा आत राहत असेल, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरू लागले असेल, नऊ महिन्यांनीही आधाराशिवाय बसत नसेल, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा चालले’ या समजुतीवर थांबू नका. जाणकार डॉक्टर आता सहा महिन्यांच्या आतही पुष्कळदा निदान करू शकतात, आणि उपचारांना मेंदू सर्वांत चांगला प्रतिसाद देतो तो याच काळात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांचे विकासदोष लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे जिल्ह्याच्या पातळीवर सुरू झाली आहेत. तिथे तपासणी मोफत होते. पुस्तक पुरे होण्याची वाट न पाहता आधी तिथे जा.